मासे मोजायचे असतील तर आधी पाणी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मत्स्यविज्ञानात एम.एस्सी. झाली आहे, हाताला सवय कोकणातल्या नद्यांची आणि धरणांची, आणि आता पीएच.डी.साठी इंडोनेशियाच्या मध्य कालीमंतान प्रांतात, पीट दलदलीच्या जंगलात मासे आणि मासेमार या दोन्हींवर काम करायचंय. जाळी कोणती न्यायची, नमुने किती ठिकाणी घ्यायचे आणि गावकऱ्यांसाठी प्रश्नावली कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच भागात, सबांगाऊ नदीच्या काठाने, बरीच वर्षं काम केलंय. सामानाच्या यादीत सगळ्यात वर पाण्याची पातळी मोजायची सोय लिहा, जाळी त्याखाली. असं का, ते आधी सांगतो. बाकीची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात.

सबांगाऊ आणि कातिंगान या दोन नद्यांच्या मधलं हे जंगल. त्यातला सुमारे साडेपाच हजार चौरस किलोमीटरचा भाग २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. तिथे आपण ज्यावर पाय ठेवतो ती माती नव्हे. हजारो वर्षांत साचलेला, पाण्याखाली अर्धवटच कुजलेला पाला, मुळं आणि लाकूड, म्हणजे पीट. काही ठिकाणी हा थर दहा मीटरहून जाड आहे. मधोमध तो फुगीर असतो आणि नद्यांकडे उतरत जातो, त्यामुळे नदीचा पूर फुगवट्यापर्यंत पोचत नाही. आतल्या जंगलाला पाणी मिळतं ते फक्त पावसाचं. म्हणून त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच तीन-चारच्या घरात असतो, विरघळलेला प्राणवायू कमी आणि रंग गडद तपकिरी. खोल जागी ते पाणी काळंच दिसतं.

पावसाळा साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत. पाणी चढलं की नदीकाठचं जंगल बुडतं आणि मासे झाडांमध्ये पसरतात. जुलैपासून पाणी उतरतं, तेच मासे नदीत, कालव्यांत आणि खड्ड्यांत गोळा होतात. आता फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये एकाच ठिकाणी, तेवढेच सापळे लावून बघा. सप्टेंबरमध्ये सापळे भरतील आणि फेब्रुवारीत बरेचसे रिकामे येतील. या आकड्यांवरून कोणी लिहिलं की कोरड्या दिवसांत मासे वाढतात, तर ते साफ चूक ठरेल. मासे तेवढेच, पाणी कमी झालेलं. आपल्याकडे वलगणीच्या दिवशी, म्हणजे पहिल्या पावसात मासे चढतात तेव्हा, ओढ्यात टोपलीभर मासे मिळतात, म्हणून त्या ओढ्यात वर्षभर टोपलीभर मासे असतात असं कोकणातला शेतकरी म्हणत नाही. तोच शहाणपणा इथे लागतो, फक्त इथला चढउतार महिनोन्‌महिने चालतो आणि शेकडो चौरस किलोमीटरवर पसरतो. पाण्याच्या पातळीशिवाय नोंदलेली पकड इथे निरुपयोगी आहे, असं मी अगदी स्पष्ट सांगेन.

पातळी मोजण्याचं साधन स्वस्त आहे. नदीत आणि कालव्यात खुणा केलेला खांब पुरतो. जंगलात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप पीटमध्ये उभा घालायचा आणि आतलं पाणी पृष्ठभागापासून किती खाली किंवा वर आहे ते रोज एका ठरलेल्या वेळी वाचायचं. यात एक खाच आहे. पीटचा पृष्ठभाग स्वतःच हलतो. पाणी भरलं की तो फुगतो, सुकलं की खचतो. पाइप नुसता पीटमध्ये रोवला असेल तर तोही बरोबर वरखाली होतो आणि तुमचं शून्यच सरकतं. थर पातळ असेल तिथे लोखंडी सळई खालच्या खऱ्या मातीपर्यंत ठोकून पाइप तिला बांधा. थर जाड असेल तर निदान एवढं करा: दर वेळी पाइपाचं वरचं टोक ते पीटचा पृष्ठभाग हे अंतर वेगळं मोजून लिहा. दोन आकडे लागतात, एक नाही.

पीएच मोजतानाही घाई नको. क्षार इतके कमी असतात की मीटरचा आकडा बराच वेळ सरकत राहतो. रोज सकाळी पीएच ४ आणि पीएच ७ अशा दोन प्रमाण द्रावणांवर मीटर जुळवा, आणि पाण्यात धरल्यावर आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. प्राणवायू दिवसाच्या एकाच वेळी मोजा आणि वेळ लिहा. नाहीतर पहाटेचा आकडा आणि दुपारचा आकडा शेजारी ठेवून त्यातून भलताच निष्कर्ष निघतो.

आता जाळी आणि सापळे. इथे माझं मत ठाम आहे: मुख्य साधन म्हणून गावातलेच सापळे वापरा. बुबू म्हणजे बांबूचा किंवा वेताचा लांबट सापळा, आणि तांपिराई म्हणजे वरून पाहिलं तर बदामाच्या आकाराचा, हल्ली तारेच्या जाळीचा केलेला उभा सापळा. मासेमार हे वर्षभर लावतात, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या पकडीशी थेट ताडून पाहता येतात. बाहेरून आणलेल्या देखण्या जाळ्यांची ती सोय नसते. सापळ्याचं तोंड कुठे करायचं हे मासेमारालाच ठरवू द्या. पाणी चढत असताना मासा जंगलात शिरतो, उतरताना बाहेर येतो, आणि तोंड त्याप्रमाणे फिरवतात. कोणत्या दिवशी फिरवलं ते मात्र तुम्ही वहीत लिहा. पाणी उलटल्याची ती नोंद तुमच्या पाइपाइतकीच उपयोगी पडते.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांभाळा. या पाण्यातले बरेच मासे हवेतून श्वास घेतात. मरळीच्या कुळातले हारुआन आणि तोमान, झाडाझुडपांतून सरपटणारा पापुयू, मागूर, गुरामीच्या जातीचे कितीतरी. प्राणवायू नसलेल्या पाण्यात ते टिकतात ते पृष्ठभागावर येऊन घोट घेतात म्हणूनच. सापळा पूर्ण बुडाला तर हे मासे पाण्यात असूनही गुदमरून मरतात. सापळ्याचा वरचा भाग वीतभर तरी पाण्याबाहेर राहिला पाहिजे. रात्री मोठा पाऊस झाला तर पातळी सकाळपर्यंत चढलेली असते, म्हणून संध्याकाळी आभाळ भरलेलं दिसलं की सापळे वर घ्या. मासे मोजून जिवंत सोडायचे आहेत, आणि ज्या नदीवर कुणाचं घर चालतं तिथे तुमच्या हातून फुकट मासा मरू नये.

गिलजाळं, म्हणजे माशाचे कल्ले ज्यात अडकतात ते उभं जाळं, नदीच्या उघड्या पात्रात लावा. वेगवेगळ्या आसाच्या (आस म्हणजे जाळ्याचं भोक) पट्ट्या घ्या, आस ताणून मोजा, आणि जाळं किती तास पाण्यात होतं ते लिहा. जंगलात फांद्या आणि मुळं त्याच्या चिंध्या करतात. विजेने मासेमारी करण्याचं यंत्र आणू नका. शास्त्रीय कामात इतरत्र ते चालतं, पण इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात वीज नीट वाहत नाही, त्यामुळे निकाल भरवशाचा नसतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विजेने मासे मारणं इंडोनेशियात बेकायदा आहे, तरी काही जण करतात, आणि सापळेवाल्यांचा त्यावर मनापासून राग आहे. संशोधकाच्या होडीत बॅटरी आणि तारा दिसल्या तर गावाचा विश्वास उडतो आणि तो परत मिळत नाही.

या सगळ्या साधनांतून एक अख्खं जग निसटतं, ते म्हणजे बारीक मासे. पीटच्या पाण्यात पाल्याच्या थरात आणि केवड्याच्या मुळांत असे मासे राहतात की जे कुठल्याच जाळ्यात अडकत नाहीत. सुमात्रातल्या पीट दलदलीतला पीडोसिप्रिस प्रोजेनेटिका या माशाचं वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची सगळ्यात लहान प्रौढ मादी ७.९ मिलिमीटरची होती. असे मासे बारीक कापडाच्या हातजाळीनेच मिळतात. पाल्याखाली जाळी सरकवायची, हळू उचलायची, पांढऱ्या ट्रेमध्ये पाला उलटायचा आणि थांबायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग पाल्याच्या तुकड्यांमधून एखादा तुकडा स्वतःहून हलतो. प्रत्येक ठिकाणी जाळी किती वेळा चालवली ते मोजा, म्हणजे ठिकाणांची तुलना करता येईल. या कामाला स्वतंत्र दिवस द्या. सापळे उचलून झाल्यावर उरलेल्या वेळात ते होत नाही.

नमुने ठेवण्याबद्दल थोडं. आधी जिवंतपणी फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, शेजारी मोजपट्टी ठेवून. बेट्टा आणि पॅरोस्फ्रोमेनस यांसारख्या माशांचे रंग फॉर्मॅलिनमध्ये जातात आणि जातींची ओळख बऱ्याचदा रंगावरच असते. डीएनएसाठी परचा तुकडा फॉर्मॅलिनच्या आधी कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. मग १० टक्के फॉर्मॅलिन, नंतर धुऊन ७० टक्के अल्कोहोल. फॉर्मॅलिन कालीमंतानच्या काळ्या पाण्यात कालवू नका, आणि त्यात बोरॅक्स घाला. आम्ल फॉर्मॅलिनमध्ये हाडांतला कॅल्शियम विरघळतो, आणि इतक्या बारीक माशाचं हाडच गेलं तर ओळख पटवायला काही उरत नाही. नमुन्यांचा संच बोगोरच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात, म्हणजे चिबिनोंगला असलेल्या राष्ट्रीय नमुना-संग्रहात जमा करायचा असतो. मोजक्याच माशांचे नमुने घ्या, बाकीचे मोजून, लांबी घेऊन सोडा.

आता मासेमारांकडे येतो. खरं तर तुमच्या कामाचा अर्धा भाग हाच आहे.

पालंकाराया शहराला लागून सबांगाऊच्या काठी केरेंग बांगकिराई हे गाव आहे, आणि नदीवर अशी आणखी गावं आहेत. वस्ती मुख्यतः ङाजू दायाक आणि बांजार लोकांची. लहान होडीला चेस म्हणतात, मोठ्या इंजिनाच्या होडीला केलोतोक. पुरुषांना पाक, बायकांना बू म्हणून हाक मारा, आणि पहिल्या भेटीत वही काढू नका. सरपंचाला, म्हणजे तिथल्या केपाला देसाला किंवा शहरी वस्ती असेल तर लुराहला, आधी भेटा आणि काय करणार, किती दिवस राहणार, माहितीचं काय होणार हे सगळं सांगा. भाषा इंडोनेशियन शिका. ती मराठी माणसाला अवघड जात नाही, कितीतरी शब्द संस्कृतातून गेलेले आहेत. दुभाष्यामार्फत नदीवरचं बोलणं अर्धंच पोचतं.

प्रश्नावलीपेक्षा रोजची पकड-वही मोलाची. गावातल्याच काही मासेमारांना रोज नोंद ठेवण्याचं काम द्या आणि त्याचे रीतसर पैसे द्या. नोंद साधी असावी: तारीख, कुठल्या भागात गेलो, कोणती साधनं, किती नग, किती वेळ, कोणता मासा किती किलो, किती विकला, किती घरी. यातली सगळ्यात जास्त निसटणारी नोंद म्हणजे शून्याची. रिकाम्या हाताने परतलेला दिवस माणूस लिहीत नाही, त्याला त्यात लिहिण्यासारखं काही वाटत नाही. आणि गेलोच नाही तो दिवस तर वहीत येतच नाही. या दोन्हीसाठी वेगळ्या चौकटी छापून घ्या आणि भरलेल्या प्रत्येक दिवसाचे सारखेच पैसे द्या, मासा मिळो न मिळो. शून्य गाळून काढलेली सरासरी नेहमी फुगलेली येते, आणि उद्या त्याच सरासरीच्या जोरावर कोणी म्हणेल की मासे भरपूर आहेत, मासेमारांची तक्रार खोटी आहे.

नावांसाठी फोटोंची कार्डं करा. सालुआंग हे नाव रासबोराच्या अनेक जातींना चालतं, लाइस हे नाव कॅटफिशच्या कितीतरी जातींना. उलट मरळीच्या कुळातल्या जाती मासेमार वेगवेगळ्या नावांनी पक्क्या ओळखतात, कारण त्यांचा भाव वेगळा. बांजार आणि ङाजू नावंही वेगळी पडतात. वहीत मासेमार म्हणेल तेच नाव लिहू द्या, शास्त्रीय नाव तुम्ही नंतर लावा.

बायकांशी स्वतंत्र बोला, आणि त्यासाठी शक्यतो स्थानिक स्त्री सहकारी बरोबर घ्या. सापळे पुरुष उचलतात असं चित्र दिसतं, पण मासा साफ करणं, खारवणं, बाजारात विकणं, हे बरंचसं बायकांच्या हातात असतं. भाजलेल्या तांदळाची पूड आणि मीठ लावून मुरवलेला वाडी हा मासा करणाऱ्या बाईला कोणत्या आठवड्यात कोणता मासा किती आला, कोणता लहान होत चालला, हे तोंडपाठ असतं. भाव तिलाच विचारा.

जुन्या काळाबद्दल विचारताना वर्ष विचारू नका. आगी विचारा. १९९७ ची मोठी आग आणि २०१५ ची आग तिथल्या प्रत्येकाच्या लक्षात आहे. २०१५ मध्ये इंडोनेशियाभर सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळली आणि पालंकाराया आठवडेच्या आठवडे धुरात होतं. 'मोठ्या आगीच्या आधी एका रात्रीत दहा तांपिराईत किती मासे यायचे?' असा प्रश्न लोकांना नेमकं आठवायला लावतो.

आगींचा आणि माशांचा संबंध कालव्यांतून जातो, आणि हा तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात नाजूक भाग असेल. १९९५ मध्ये सुहार्तो सरकारने सबांगाऊच्या पूर्वेला दहा लाख हेक्टर दलदलीत भातशेतीचा प्रकल्प काढला, हजारो किलोमीटर कालवे खणले. भात पिकला नाही, काही वर्षांतच प्रकल्प गुंडाळला, कालवे राहिले. सबांगाऊच्या जंगलात लाकूडतोड्यांनी ओंडके वाहून नेण्यासाठी हाताने खणलेले लहान कालवे वेगळेच. दोन्हींमुळे पीटचं पाणी वाहून जातं, थर सुकतो आणि पेट घेतो. पीटखाली जिथे गंधकयुक्त माती आहे तिथे ती उघडी पडून हवेशी संयोग होतो, आम्ल तयार होतं, आणि पहिल्या पावसात ते पाण्यात उतरून मासे मरतात. म्हणून कालव्यांना बांध घालण्याचं काम अनेक वर्षं चाललंय. २०१६ मध्ये पीट पुनरुज्जीवनासाठी सरकारी संस्थाही झाली. पाणी पृष्ठभागाखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये असा तिथे नियम आहे.

बांध हवेतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तोच कालवा एखाद्या घराचा जंगलात जायचा रस्ता असतो आणि सापळे लावायची जागाही. पुष्कळदा बापाने खणलेला, मुलाने सांभाळलेला. बांध घालताना त्या घराला विचारलं गेलं का, होडी ओलांडून नेण्याची सोय ठेवली का, यावर बांध टिकणार की रातोरात फुटणार हे ठरतं. तुम्ही बांधाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे सापळे आणि पातळीचे पाइप लावा, आणि शक्य असेल तर बांध घालण्याच्या आधीपासून. बांधामागे साठलेल्या पाण्यात मासे वाढतात का, कोणते वाढतात, आणि ते त्याच घराला मिळतात की दुसऱ्याला, हा प्रश्न मासेमारही विचारतात आणि बांध घालणारेही. याचं मोजून दिलेलं उत्तर दोघांच्याही कामाचं आहे.

बेजेही बघा. दायाक लोक पूरमैदानात तळ्यासारखे लांबट खड्डे खणतात. पुरात मासे आत येतात, पाणी उतरलं की अडकतात, आणि कोरड्या दिवसांत घरातली माणसं मिळून ते उपसतात. बेजे खणणाऱ्याच्या कुटुंबाचा असतो, पिढ्यान्‌पिढ्या. उपसण्याच्या दिवशी बोलावलं तर जरूर जा, चिखलात उतरा, निघालेला मासा जातवार तोलू द्याल का असं विचारा. ओला माणूस काठावर उभ्या माणसापेक्षा लवकर आपला होतो. आगीच्या दिवसांत आग विझवायला पाणी मिळतं तेही पुष्कळदा याच खड्ड्यांतून.

दोन गोष्टी कधीही छापू नका. मासेमाराची नेमकी जागा, आणि शोभेच्या माशांच्या दुर्मीळ जातींचे जीपीएस आकडे. पहिली म्हणजे त्या माणसाची पुंजी. दुसरीमागे मत्स्यालयांचे व्यापारी येतात, आणि एखादा बेट्टा एका लहान ओढ्यापुरताच असेल तर तो ओढा रिकामा व्हायला वेळ लागत नाही. विजेने किंवा विषाने मासेमारी कोण करतो, हे नावानिशी विचारू नका, कोणी सांगितलं तरी लिहू नका.

परवान्यांचं काम आजच सुरू करा. परदेशी संशोधकाला बीआरआयएन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी आणि नैतिक मंजुरी लागते, इंडोनेशियन विद्यापीठातला भागीदार लागतो, उद्यानात जायला सिमाक्सी नावाचा वेगळा परवाना, आणि नमुने देशाबाहेर न्यायचे तर आणखी करार. पालंकाराया विद्यापीठात पीटवर काम करणारी माणसं आहेत. त्यांना आधी लिहा आणि तुमचा आराखडा त्यांच्याबरोबर बसून ठरवा.

किती ठिकाणं, हा तुमचा प्रश्न राहिला. ठिकाणं कमी घ्या, काळ लांब घ्या. नदी, बुडणारं काठचं जंगल, बांध घातलेला कालवा, बांध न घातलेला कालवा आणि बेजे, अशा प्रत्येक प्रकारच्या दोन-तीन जागा पुरतात, पण पाण्याचा चढ आणि उतार दोन्ही पूर्ण सापडले पाहिजेत, म्हणजे किमान सलग एक वर्ष, आणि जमलं तर दोन. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास कामाला लागा, म्हणजे सगळ्यात खालची पातळी तुमच्या वहीत पहिली येईल आणि पाइप कोरड्यात नीट रोवता येतील. तेच दिवस धुराचेही असतात, म्हणून एन-९५ मास्क भरपूर न्या. धूर फार झाला तर होडीवरचं काम थांबवा, मासेमारांनाही त्या दिवशी जायला सांगू नका. पातळीची नोंद मात्र गावातल्या खांबावर चालू ठेवा.